ठेवला म्हणजे ठेवला

आवाज गेलेल्या वस्तूंच्या जगात माझं नाव मोठं आहे. त्या वस्तू बोलत नाहीत म्हणून ते बाहेर फुटलेलं नाही, इतकंच. जुने फोन, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, मी सगळ्यांचा गुप्तहेर. शिकलो कुठे? कुठेच नाही. नुसतं उघडून बघितलं. बंद करायचं अजून शिकतोय.

तर केस अशी. मी मोठ्या मावशीकडे राहतो. तिचं आणि धाकट्या मावशीचं बोलणं बंद. कारण एक कॅसेट. धाकटीच्या लग्नाच्या कॅसेटवर मोठीने चुकून मालिका रेकॉर्ड केली. नवरी लाजून मान वर करते आणि तिथून थेट कोर्टाचा सीन. धाकटीने तेव्हापासून या घराचं नाव टाकलं होतं. पण परवा माझ्या आईकरवी तिने निरोप धाडला, रविवारी मी स्वतः फोन करते म्हणून.

रविवार उजाडला आणि फोन मुका. रिसीव्हर उचलला तर टोन नाही, काही नाही.

मावशी सकाळपासून केस विंचरून, चांगले कपडे घालून फोनपाशी बसलेली. फोनवर कपडे दिसत नसतात हे मी तिला सांगितलं. तिने मला तपासाला पिटाळलं.

पहिला संशय उंदरांवर. फोनपासून निघालेली वायर धरून मी भिंतीने सरकत, दारावरून, कपाटामागून थेट गच्चीत पोचलो. वायर शाबूत होती. फक्त ती रेडिओच्या एरियलची निघाली.

मग खालचा शिंपी. आमची लाईन चोरत असणार. मी त्याच्या दुकानाची झडती घेतली, तोवर त्याने माझ्या कमरेचं माप घेतलं. तिथल्याच फोनवरून घरचा नंबर फिरवला. एंगेज.

एंगेज! माझे डोळे चमकले. म्हणजे आमच्या घरात या क्षणी कुणीतरी बोलत होतं. मावशी तर गप्प बसलेली. उरले मावशीचे यजमान, आमचे काका. आतल्या खोलीत दुसरा फोन आहे, त्याच लाईनवरचा. एक निवृत्त माणूस, दुपारची वेळ, चोरटं संभाषण. मला काकांची कीवच आली.

आत गेलो तर काका गोधडीत गुडूप. झोपेचं सोंग, दुसरं काय. हलवून उठवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"शेवटचा फोन कुणाचा होता?"

"काल संध्याकाळी. राँग नंबर. पिठाची गिरणी चालू आहे का विचारत होता."

"मग?"

"मग तुझी मावशी ओरडली, ठेवा तो फोन, लाईन मोकळी राहू दे. ठेवला."

"नक्की ठेवला?"

काका दुखावले. "लग्न झाल्यापासून तिने सांगितलंय आणि मी केलं नाही असं झालंय का कधी?"

झालं नव्हतं. साक्ष चोख. मी काकांना निर्दोष सोडलं आणि बाहेरचा फोन उकलायला घेतला. त्यातून तीन स्क्रू, एक स्प्रिंग आणि झुरळाचा एक पाय निघाला. पाय मी पुरावा म्हणून बाजूला ठेवला.

अंधारून आलं. मावशी हळूच म्हणाली, "राहू दे रे. तिला करायचाच नसेल."

तिचा आवाज ऐकून मला पहिल्यांदाच वाटलं की मी गुप्तहेर नसून नुसता गाढव असेन.

तेवढ्यात घंटी वाजली. मी झेप घेऊन रिसीव्हर कानाला लावला. घंटी दाराची होती. रिसीव्हर जागेवर ठेवून दार उघडलं. दारात धाकटी मावशी, हातात भली मोठी पिशवी, लालबुंद.

"सकाळपासून लावतेय," ती म्हणाली. "बोलायचं नसेल तर तोंडावर सांग. फोन काढून काय ठेवतेस?"

"मी काढून ठेवीन? अगं, मी सकाळपासून जागची हलले नाहीये."

भांडत भांडतच दोघी आतल्या खोलीत गेल्या, मागोमाग मी आणि काका. धाकटीने पिशवी टाकली, पलंगावर बसली आणि ताडकन उठली. "मेलं टोचतंय काय?"

गोधडीत हात घालून तिने रिसीव्हर बाहेर ओढला. कालपासून काकांच्या उशाशी झोपलेला.

सगळे काकांकडे बघायला लागले.

"ठेवलाय की," काका म्हणाले.

"अहो, ठेवा म्हणजे फोनवर ठेवा!"

"फोनवर म्हणाली नव्हतीस."

आधी धाकटी हसली. मग मोठी. मग दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की शेवटी डोळे पुसायला लागल्या, आणि ते हसण्याचंच पाणी होतं की नाही याचा तपास मी केला नाही.

धाकटीने रिसीव्हर जागेवर ठेवला, तोच फोन खणखणला. मोठीने पलंगावर टेकत उचलला. माझी आई. सकाळपासून तीही लावत होती. काय गं, आला का तिचा फोन, म्हणून विचारत होती.

मोठी मावशी सरकली आणि धाकटीला पलंगावर जागा करून दिली.

"नाही बाई," ती म्हणाली. "फोन काही आला नाही तिचा."