मास्तरची अर्धी बॅटरी

मास्तरला कोणी पुरा कप चहा दिला की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. अर्धा प्यायचा, उरलेला अर्धा माझ्या ओट्यावर ठेवायचा आणि उठून जायचा. मग त्यात माश्या पडायच्या आणि मी शिव्या घालायची. दोन-तीनदा असं झाल्यावर मी शहाणी झाले. अर्धाच कप द्यायला लागले.

बिडीसुद्धा अर्धी. अर्धी ओढायची, विझवायची आणि कानावर ठेवायची. बोलणंही अर्धं. "उषा, मी काय म्हणतो..." आणि गप्प! अहो, काय म्हणता ते सांगा ना एकदाचं! विचारलं की एकच उत्तर यायचं, "अर्धी आपली, अर्धी देवनी." आमच्या अहिराणीत देवनी म्हणजे देवाची.

हे खूळ त्याला बॅटरीपासून लागलं. पण आधी माणूस सांगते.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. शाळेत तो चौथीपुढे गेला नाही. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात आणि खात्यातली मशीनं दुरुस्त करतो तो मास्तर. सारा जन्म त्या खडखडाटात काढला, त्यामुळे कानाने कमी. नवागामच्या गल्लीत माझ्या दारासमोर त्याची भाड्याची खोली. खोलीत तो आणि सिंधूकाकू, मूलबाळ नाही. मी दारात बसून साड्यांना लेस लावते, त्यामुळे गल्लीत कोण शिंकलं तेही मला कळतं.

तर फाल्गुनात हा बाबा कामरेजहून एक व्हॅन घेऊन आला. शाळेची, म्हातारी, पिवळी. मागच्या काचेवर गुजरातीत लिहिलेलं, आत मुलं आहेत, सावकाश चालवा. दुसऱ्या दिवशी बाकडी काढून भंगारात. तिसऱ्या दिवशी टपावर दोन सोलर प्लेटा. मग दोन बॅटऱ्या आल्या, इन्व्हर्टर आला, आणि वायरींचा असा गुंता आला की माझ्या दोऱ्याच्या पेटीची मला लाज वाटेना.

"काय करता हो मास्तर?"

"मी आन् ही आता गाडीत राहणार. खोलीचं भाडं नाही, लाइटबिल नाही. बराबर ना?"

गल्ली पोट धरून हसली. कोणी म्हणे म्हाताऱ्याला उतारवयात हनिमून सुचला. मीही हसले, खोटं कशाला बोलू? सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

वैशाखात तर त्याने हद्द केली. भर दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं, आणि हा व्हॅनमध्ये शंभर-शंभरचे तीन बल्ब लावून बसलेला! बाहेर आग, आत आग. अंगातून घामाच्या धारा. हातात खडू. दर तासाला व्हॅनच्या दारावर रेघ ओढायचा आणि बॅटरीचा आकडा लिहायचा. आकडा पन्नासवर आला की खटकन बटण बंद. "अर्ध्याच्या खाली बॅटरी उतरवायची नाही. मरते ती. अर्धी आपली, अर्धी देवनी."

"पण दिवसाउजेडी बल्ब कशाला?"

उत्तर अर्थातच अर्धं मिळालं. "तीनशे वॅट..." म्हणाला आणि गप्प.

उरलेलं अर्धं सिंधूकाकूंनी सांगितलं. वीस वर्षं खात्यात बॉबिनी भरून धाग्याची बारीक धूळ त्यांच्या छातीत बसली होती. आता नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन, सारखं घरघरत. ते मशीन तीनशे वॅट खातं. गाडीत बल्ब नव्हते जळत, काकूंचा श्वास मोजला जात होता.

"माले एकदाव मनं घर देखनं शे," काकू म्हणाल्या. दोन शब्द बोलायच्या, थांबायच्या. "कानबाईले. सगळा भाऊबंद येतो. रोट करतात."

त्यांचं गाव खानदेशात, दोंडाईच्याच्या पुढे. श्रावणात कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो, तेव्हा खानदेशी माणूस कुठेही असो, घर गाठतो. पण काकू जाणार कशा? रेल्वेत मोबाइल लावायच्या प्लगवर असलं मशीन चालत नाही. गावात रोज सात-आठ तास लाइट जाते. ऑक्सिजनचा बाटला तीन तासांत संपतो, भरून आणायचा तर तालुक्याला धावा. म्हणून व्हॅन. व्हॅन अंगणात उभी करायची, काकूंनी तिच्यात राहायचं आणि मशीन उन्हावर चालवायचं. चौथी शिकलेल्या माणसाने सगळं मोजलं होतं. वायरीची जाडीसुद्धा.

आणि माझं मेलं तोंड! त्याच दुपारी मी अर्धा कप घेऊन गेले. मास्तर खुशीत होता, दार रेघांनी भरलेलं. म्हणाला, "ऊन असलं की दिवसभर चालते उषा, आणि संध्याकाळी बॅटरी परत भरलेली!"

मी पटकन बोलून गेले, "आणि श्रावणात ऊन कुठून आणणार? भाड्याने?"

मला वाटलं हसेल. तो हसला नाही. प्लेटांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. सगळ्या रेघा वैशाखातल्या. माणसाने वॅट मोजले, तास मोजले, आणि महिना मोजायचा राहिला. कानबाई श्रावणातच येणार, आणि श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ हलत नाही. त्याच्या हातातला खडू खाली पडला. तो उचलायलाही वाकला नाही. मला माझ्या जिभेचा एवढा राग आला की वाटलं, सुईदोऱ्याने शिवून टाकावी.

दुसऱ्या सकाळी तो इन्व्हर्टर खोलायला बसला. काकू खाटेवरून बघत होत्या. नळी धरून म्हणाल्या, "मंग आतेच चाल ना. श्रावण कोन देखस?"

"कानबाई नसेल आता," मास्तर म्हणाला.

"घर तर व्हई ना?"

त्याने इन्व्हर्टरवर झाकण ठेवलं. मग स्क्रू परत आवळले.

तीन दिवसांनी ते निघाले. मी काकूंचे केस विंचरले, नवी साडी नेसवली, लेस माझ्या हातची. व्हॅन गल्लीतून बैलगाडीच्या वेगाने गेली. मागच्या काचेवर तेच, आत मुलं आहेत.

एकोणीस दिवसांनी मास्तर एकटाच परत आला. मी धावत गेले. काय विचारणार? तोच बोलला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरं बोलला.

"रोज लाइट गेली. गाडी एक मिनिट बंद पडली नाही, उषा. सकाळी दार उघडायचो, ती अंगण बघायची. जावा यायच्या, बसायच्या. त्या दिवशीपण मशीन चालू होतं. बॅटरी सत्तर टक्के होती. सत्तर! अर्ध्यापर्यंत पोचलीच नाही."

मी त्याच्यासमोर रडले. तो रडला नाही, वायर गुंडाळत बसला.

मशीन ज्या ट्रस्टकडून आणलं होतं तिथे परत दिलं. खोली सोडली. आणि खरंच व्हॅनमध्ये राहायला लागला, माझ्या दारासमोर. भर दुपारी तिन्ही बल्ब लावून बसायचा. पोरं हसायची, त्यांना मी हाकलायची. एकदा विचारलं तर म्हणाला, "बॅटरीला सवय लागलीय तीनशेची." बॅटरीला म्हणे!

काल आमच्या गल्लीत कानबाई बसली. आभाळ चार दिवसांपासून भरलेलं. बाया गाणी म्हणत होत्या, चुलीवर रोट होते. मी मास्तरसाठी चहा घेऊन गेले, सवयीने अर्धाच. व्हॅनमध्ये बल्ब पिवळट जळत होते. मीटरवर आकडा एकतीस.

"मास्तर, अर्ध्याच्या खाली गेली की हो! बंद करा."

"जाऊ दे."

त्याने कप घेतला. आत बघितलं. आणि मला परत दिला.

"कोनाकरता ठेवानी आते? पुरा भर."

मी घरात गेले आणि कप काठोकाठ भरून आणला. चालताना थोडा बशीत सांडला. त्याने आधी बशीतला पिऊन टाकला, मग कपातला, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा कप माझ्या हातात दिला तेव्हा बल्ब विझत आले होते.