साळूकाकांचा सराव

एका जंगलात साळूकाका नावाचं एक साळिंदर राहत होतं. मुलांनो, आपल्याला नवे खेळ तयार करता येतात, असा त्यांचा समज होता. एकही खेळ केलेला नसल्यामुळे तो समज टिकून होता.

एकदा काय झालं, भुऱ्या नावाचं अस्वलाचं पिल्लू मोहाच्या झाडावरून पडलं. पाय मोडला. कासववैद्यांनी सांगितलं, महिनाभर गुहेबाहेर पडायचं नाही.

अस्वलीण साळूकाकांकडे आली.

"साळूभाऊ, याला पडल्यापडल्या खेळता येईल असा एखादा खेळ करून द्या. पोर भिंतीकडे तोंड करून पडलंय. मधालासुद्धा तोंड लावत नाही."

"देतो की, ताई," काका म्हणाले. "पण आधी हात बसला पाहिजे. उद्यापासून सरावाला लागतो."

काका खरंच लागले. रोज अंगावरचा एक काटा उपटायचा आणि पळसाच्या पानावर एक सराव लिहायचा.

पहिला सराव: जुन्या खेळातला एक नियम काढा. काकांनी लपाछपीतलं लपणं काढलं. सगळे समोर उभे राहतात. ज्याच्यावर राज्य आहे तो डोळे मिटून शंभर मोजतो, डोळे उघडतो आणि म्हणतो, "सापडलात."

दुसरा सराव: दोन खेळ एकत्र करा. काकांनी खो-खो आणि बुद्धिबळ एकत्र केलं. हत्तीला खो दिला. हत्ती विचार करून उठेपर्यंत दुपार झाली.

तिसरा सराव: कोणीच हरणार नाही असा खेळ करा. याला नियम एकच. खेळ सुरू करायचा नाही.

लिहून झालं की काका पान वाचत, नाक मुरडत आणि फेकून देत. संध्याकाळी अस्वलीण विचारायला येई.

"झाला का खेळ?"

"सराव चाललाय."

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून ती फेकलेलं पान पोराच्या अंथरुणाला घेऊन जाई.

महिना संपला. खेळाचा पत्ता नव्हता आणि काकांची पाठ निम्मी उघडी पडली होती. त्यांना फार लाज वाटली. माफी मागावी म्हणून ते गुहेकडे निघाले.

गुहेत जंगलातली सगळी पिल्लं दाटीवाटीनं बसली होती. मधाचं मडकं चाटूनपुसून रिकामं होतं. मधोमध भुऱ्या पान हातात धरून बसला होता.

"या काका," तो म्हणाला. "मी खेळ केलाय. एकानं पान वाचायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही. हसला तो बाद."

"तू केलास? सराव किती दिवस केलास?"

"सराव नाही केला. दुसऱ्याच दिवशी जमला."

त्यानं हत्तीचं पान मोठ्यानं वाचलं. पिल्लांनी गाल फुगवून दम धरला.

"पण यात हसण्यासारखं काय आहे?" काकांनी अगदी मनापासून विचारलं.

अख्खी गुहा बाद झाली.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मुलांनो, ते काटे माझेच होते. मला त्या दिवशी वाईट वाटलं, पण भुऱ्या हसताना पाहून फार बरंही वाटलं.

तात्पर्य: सराव मनापासून करावा आणि खेळ कधीच पूर्ण करू नये. माझा खेळ पूर्ण झाला असता, तर पोर अजून भिंतीकडे तोंड करून पडलं असतं.