माझी खुर्ची

बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "शनिवारी आई कायमची राहायला येतेय. तिचा पलंग लावायचा तर तुमची ती करकरणारी खुर्ची गेलीच पाहिजे."

"विकून टाकतो," प्राध्यापक म्हणाले. पैशाचे निर्णय घेताना माणसाच्या मेंदूत काय चालतं, हा त्यांचा विषय. पण गिऱ्हाईक दारात आलं की यांचा जीव खुर्चीत अडकायचा. पहिल्याला त्यांनी ऐन वेळी भाव दुप्पट सांगितला. दुसऱ्याला "तुम्हाला झेपेल ना सांभाळायला?" असं विचारून वाटेला लावलं.

"अहो, भंगारवालासुद्धा घेणार नाही ती!"

"तेच तर नवल आहे!" प्राध्यापकांचे डोळे चमकले. "वस्तू एकदा आपली झाली की मेंदू तिची किंमत परस्पर वाढवतो. सोडताना आत अक्षरशः दुखतं. एवढासा गोळा, पण काय करामत आहे बघ!"

बायकोने करामत ऐकून घेतली आणि शनिवारी ते तासाला गेल्यावर खुर्ची कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात हजाराला देऊन टाकली.

संध्याकाळी परतताना प्राध्यापकांना ती काचेआड दिसली, झाडूनपुसून ठेवलेली. ते तडक दुकानात शिरले.

"सहा हजार," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला म्हणून चार. लवकर सांगा, एक जण बघून गेलाय."

"वा! आधी मोठा आकडा, मग हातची जाईल ही भीती. हे दोन्ही डाव मी वर्गात शिकवतो!"

"मग काय करू?"

"हातगाडी मागवा."

हमालाने खुर्ची आणि चार हजारांची पावती बैठकीत आणून ठेवली, तेव्हा सासूबाई नुकत्याच आल्या होत्या. बायकोने कपाळावर हात मारला. "हजाराची चार हजारांना आणलीत? सगळं कळत असून?"

"सगळं कळत असून!" प्राध्यापक पार भारावले होते. "त्याचा एकेक डाव मी ओळखला, तरी हात खिशात गेलाच. केवढं अफाट यंत्र आहे हे!"

"आणि आता आईचा पलंग कुठे लावू? तुमच्या यंत्रात?"

तोवर प्रवासाने शिणलेल्या सासूबाई खुर्चीत टेकल्या होत्या. त्यांनी पाय पसरले, मान मागे टाकली. खुर्ची करकरली.

"आई, जरा उठता का? ही खुर्ची..."

"माझी खुर्ची कुठे नेताय, जावईबापू?" सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "पलंगबिलंग काही नको मला. मी इथेच निजेन."

बायको बघतच राहिली. नवऱ्याच्या विषयाचं तिला पहिल्यांदाच अप्रूप वाटलं. "अहो, 'माझी' म्हणाली! बसून दोन मिनिटं नाही झाली!"

प्राध्यापकांना मात्र आत अक्षरशः दुखत होतं.