हत्तिणीचं सुतक

आमच्या समुद्रात समुद्रगाय मेली की देवस्थानच्या हत्तिणीला दहा दिवसांचं सुतक लागतं. त्या दिवसांत रेवती देवळाच्या आवारात पाऊल टाकत नाही, गंध लावून घेत नाही आणि गूळ पुढे केला तर सोंड बाजूला वळवते.

पहिली खबर भिकाजी तांडेलानं आणली, तीही ऐन उत्सवाच्या तोंडावर. मयताची खबर घेऊन आलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही, तसा तो हत्तीखान्याबाहेरच उभा राहिला. "जाळ्यात अडाकली गो बाये," तो हत्तिणीला म्हणाला. "श्वास घेवक वर येवक गावला नाय तिका." रेवतीनं चारा टाकून दिला आणि टाकीतलं पाणी डोक्यावरून ओतून घेतलं. पालखीपुढे चालायला ती आली नाही.

मी देवस्थानचा चिटणीस. उत्सव हत्तीशिवाय गेला म्हणून लोकांनी माझं डोकं खाल्लं, तेव्हा सभा बोलावली. समुद्रगायीचं सुतक गाईंनी धरावं, हत्तीचा काय संबंध, असं माझं म्हणणं होतं. पण गावातल्या गाई निवांत रवंथ करत होत्या, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मणेरीकर बाईंनी नातं लावून दाखवलं. दोघींचे स्तन पुढच्या पायांच्या काखेत. दोन्हीकडच्या नरांना सुळे. समुद्रगायीची अमेरिकेकडची चुलत भावंडं मॅनेटी, त्यांच्या वल्ह्यासारख्या हातांवर तर हत्तीसारखी नखंसुद्धा.

"वेगळं निघून किती वर्षं झाली?" उपाध्यांनी विचारलं.

"सहा कोटी."

उपाध्ये कपाळाला हात लावून बसले. सात पिढ्यांपलीकडे सुतक नसतं. "मॅनेटींना इथून खबर पोचायची नाही. ह्याहून जवळचं दुसरं कुणी?"

"एक जात होती, उत्तरेच्या थंड समुद्रात. माणसांना सापडली आणि तीसेक वर्षांत त्यांनी ती खाऊन संपवली."

दाराशी रेवतीचा माहूत दस्तगीर उभा होता. "मग हिच्याशिवाय त्यांच्यासाठी रडूक कोण आसा?" तो म्हणाला.

मग उपाध्यांनी निकाल दिला की जवळचं कुणी हाताशी उरलं नसेल तर लांबच्यानं धरावं. ठराव मीच लिहिला.

जाळ्यात मेलेल्या त्या समुद्रगायीचं सुतक फिटायच्या आत तिचं पिल्लूही गेलं. समुद्रगायीला बऱ्याच वर्षांनी एकच पिल्लू होतं. आम्ही तांडेलांना विनंती केली, आणि त्यांनीही मोठ्या मनानं समुद्रगवताच्या पट्ट्यात जाळी टाकणं सोडलं. पण बोटींचे पंखे फिरतच होते, गाळ येतच होता, आणि भिकाजीही येत राहिला. रेवतीच्या बरगड्या दिसू लागल्या. उत्सवाला हत्तीऐवजी रथ आणावा, असं लोक उघडच बोलायला लागले.

मग एका वर्षी भिकाजी आलाच नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. नवी झूल शिवली, पेढे वाटले. रेवती पालखीपुढे चालली, पण गळ्यातली घंटा वाजेल इतकीही मान तिनं हलवली नाही. गर्दीत भिकाजी दिसला, तेव्हा मी हसून म्हणालो, "यंदा सगळं बरं दिसतंय!"

"गवात वाढलाहा," तो म्हणाला. "समुद्रगाय चरान गेली की तळाक पट्टो उमाटता. यंदा एकव पट्टो नाय."

मी उपाध्यांना विचारलं. नियम स्पष्ट आहे. मयत नाही, तेव्हा खबर नाही आणि सुतकही नाही. रेवती सर्व कार्यांना मोकळी आहे.

आता रोज सकाळी ती बंदराच्या वाटेकडे तोंड करून उभी असते. भिकाजी टोपली घेऊन आला की सोंड लांबवून त्याचे हात हुंगते. आज कुणी गेल्याचं कळलं, तर निदान कालपर्यंत ते होतं एवढं तरी कळेल.

भिकाजी तिच्या सोंडेवर हात ठेवतो.

"नाय गो बाये," तो म्हणतो. "आजव कोण मरूक नाय."