खाणाऱ्यांचा रकाना

चीनमधल्या आमच्या जिलिन प्रांतातल्या कारखान्यात मक्यापासून इंधन बनते. बनवतात जीवाणू. ते मक्याची साखर खातात आणि इंधन सोडतात. हे इंधन बाजारभावापेक्षा महाग पडे, म्हणून काटकसर समिती नेमण्यात आली.

हा जीवाणू माझ्या बायकोने, शुएमेईने, शेतातल्या मातीतून शोधून वाढवला होता. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून त्याची मूळ बाटली मी सांभाळतो. वेळच्या वेळी ताजी साखर मिळाली नाही, तर तो इंधन करायचे विसरतो.

महिनाभर अभ्यास करून समितीने शोध लावला की सर्वाधिक खर्च साखरेचा आहे आणि ती जीवाणू खातात. समितीचे प्रमुख तोंग यांनी मला बोलावले.

"लुआनदादा, यातली बरीच साखर हे स्वतःच्या वाढीवर उडवतात. वाढायला परवानगी कुणाची?"

"साहेब, ते वाढतात म्हणून तर इंधन होतं."

"प्रत्येक खात्यात हेच ऐकतोय."

साखर निम्मी झाली. उत्पादन निम्मे झाले आणि तोटाही निम्मा. समितीचा सत्कार झाला. उत्साहाने साखर पूर्ण बंद करण्यात आली. उत्पादन शून्य, तोटा शून्य. टाक्यांच्या आकारमानावर मिळणारे अनुदान चालूच होते, त्यामुळे कारखाना प्रथमच नफ्यात आला. फाटकावर लाल फलक लागला. इतर जिल्ह्यांची शिष्टमंडळे बस भरून येऊ लागली आणि रिकाम्या टाक्यांपुढे उभी राहून टिपणे घेऊ लागली.

मी बाटलीपुरती दोन चमचे साखर मागितली. उत्तर आले: उत्पादनप्रक्रियेत जीवाणू नाहीत, सबब त्यांचे पोषण अनुज्ञेय नाही. बाटली आठवडाभरात निकाली काढावी.

मी तोंगकडे गेलो. म्हटले, ही शुएमेईची आहे.

त्याने खर्चाचा तक्ता पुढे ओढला. "वहिनींच्या हातचे आंबट कोबीचे डंपलिंग मीही खाल्लेत, दादा. पण तक्त्यात वहिनींना कुठे लिहू?"

बाटली मी घरी आणली. सकाळी मक्याची पेज करतो. आधी गाळून तिला देतो, उरलेली मी खातो.

प्रयोग यशस्वी झाल्याने तो आता घरोघरी राबवायचा आहे. परवा तक्ता आला: घरात खाणारे किती, आणि त्यांपासून उत्पन्न काय? मी लिहिले, खाणारे दोन, उत्पन्न नाही.

तक्ता तुमच्याकडेही येईल. कुणाचे नाव गाळायचे, हे बहुधा तुमच्या मनात आताच येऊन गेले असेल.