महाराजांकडे पाठ करणारा कॉम्प्युटर

मुलांनो, मांडी घालून बसा. चुळबूळ करू नका. एका जंगलात सिंहाची गुहा होती आणि त्या गुहेत एक कॉम्प्युटर होता.

कॉम्प्युटर म्हणजे एक पत्र्याचा डबा आणि एक पडदा. डब्याच्या पाठीमागे दोन अँटेना होत्या, सशाच्या कानांसारख्या. वायफायचा राउटर मात्र गुहेच्या दुसऱ्या टोकाला, सिंहमहाराजांच्या आसनाशेजारी होता. किमती वस्तू आसनाशेजारी ठेवायची तिथे रीत होती. म्हणून तिथे राउटर होता, मधाचं पोळं होतं आणि कुणाचीतरी हरवलेली छत्री होती.

आणखीही एक रीत होती. महाराजांना कुणी पाठ दाखवायची नाही. दरबारातून निघताना सगळे उलटे चालत जायचे. त्यामुळे गुहेबाहेरच्या खड्ड्यात कायम कुणीतरी पडलेलं असायचं.

रीतीभाती सांभाळायचं काम तुरेराव मोराकडे होतं. कॉम्प्युटर आला त्याच दिवशी तुरेरावांनी डब्याचं तोंड महाराजांकडे केलं. पाठ गेली कातळाकडे. पाठीबरोबर अँटेनाही गेल्या आणि भिंतीला चेपून बसल्या.

"नेटवर्क येत नाही," साळूबाई म्हणाली. साळूबाई म्हणजे साळिंदर. कॉम्प्युटर तीच चालवायची.

"पण डबा कसा अदबीने बसलाय बघा!" तुरेराव म्हणाले.

एके दिवशी दुपारी खापरआजोबा कासव गुहेत आले. घरून निघाले होते ते मागच्या सोमवारी.

"साळूबाई, मी जिवंत आहे," ते म्हणाले.

"दिसतंय की आजोबा."

"तुला दिसून काय उपयोग? वरच्या कचेरीला दिसायला हवं. आणि तेही आज, सूर्य मावळायच्या आत."

सात जंगलांची मिळून एक मोठी कचेरी होती. ती फार लांब होती. दरवर्षी म्हाताऱ्या प्राण्यांनी कॉम्प्युटरला तोंड दाखवायचं, की तिकडून हयातीचा दाखला यायचा. दाखला आला नाही, तर तो प्राणी मेला असं धरायचे आणि त्याची जागा पुढच्याला द्यायचे. खापरआजोबांची जागा म्हणजे तळ्याकाठचा एक सपाट दगड. सकाळचं पहिलं ऊन त्याच्यावर पडायचं. दीडशे वर्षं आजोबा त्या दगडावर अंग शेकत होते.

पुढचा नंबर बगळ्याचा होता. तो आजोबांच्या मागोमाग आला होता आणि दारात एका पायावर उभा होता.

"घाई नाही हं आजोबा," बगळा म्हणाला. "सावकाश होऊ दे."

साळूबाईने आजोबांना उचलून पडद्यासमोर धरलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. शेवटी आजोबांनाच गरगरायला लागलं.

"तुरेराव, डबा फिरवावा लागेल," साळूबाई म्हणाली. "अँटेनाला मोकळी जागा लागते. इथे तिच्या मागे कातळ, पुढे पत्रा. लहर यायची कुठून? डबा नुसता वळवायचा, दोन्ही अँटेना सरळ उभ्या करायच्या. झालं."

"म्हणजे पाठ महाराजांकडे?"

"हो."

तुरेरावांचा पिसारा आपोआप मिटला.

"काय कटकट आहे?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, हा डबा आपल्याला पाठ दाखवू म्हणतोय."

"मुळीच नाही," महाराज म्हणाले. "आज डबा पाठ दाखवेल, उद्या ससा दाखवेल."

"मग महाराज झोपल्यावर फिरवू?" साळूबाईने हळूच विचारलं.

"महाराज झोपले की इथली कचेरीही झोपते," तुरेराव म्हणाले. "तुम्ही चिंता करू नका. रीतीला धरून उपाय आहेत."

पहिला उपाय म्हणून त्यांनी सांबराला बोलावलं. सांबराची शिंगं मोठी, फाटे फुटलेली. तेव्हा अँटेनाचं काम ती जास्त चांगलं करतील असं तुरेरावांचं म्हणणं पडलं. सांबर डब्यापुढे मान ताठ करून उभं राहिलं. पडद्यावर नेटवर्कची होती नव्हती ती एक रेघही गेली.

"अहो, ते मध्येच उभं आहे!" साळूबाई म्हणाली.

"त्याला वेळ द्या," तुरेराव म्हणाले.

वेळ दिला. तेवढ्यात एका बुलबुलाने शिंगात घरट्याच्या चार काड्या आणून ठेवल्या.

दुसरा उपाय म्हणून तुरेरावांनी अँटेनांना हार घातले. आता हारांच्या वजनाने त्या वाकल्या. मग तुरेरावांनी डब्याला समजावून सांगितलं. मग दरडावलं.

ऊन तिरपं झालं. तळ्याचं पाणी तांबूस दिसू लागलं.

"आजोबा," बगळ्याने विचारलं, "तो दगड थंडीत गार पडतो का हो?"

"मेल्यावर सांगतो," आजोबा म्हणाले.

पण दुसरा दगड शोधायला त्यांना वीस वर्षं लागली असती. ते हळूहळू महाराजांच्या दिशेने सरकले. साळूबाईला वाटलं, आता हे पाया पडणार.

"महाराज," आजोबा म्हणाले, "आपल्या पणजोबांचे ओरखडे पाहिलेत का कधी?"

"कसले ओरखडे?"

"आपल्या आसनामागच्या भिंतीवर. पणजोबांनी नखांनी काढले होते. मी तेव्हा इथेच होतो. असा ओरखडा पुन्हा कुणाला जमला नाही."

"माझ्या पाठीमागे? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

महाराज उठले आणि वळून भिंतीला नाक लावून बसले.

"यात पुष्कळ ओरखडे आहेत. पणजोबांचा कोणता?"

"शोधा महाराज. बारकाईने पाहिलं तरच दिसतो."

साळूबाईने तुरेरावांकडे पाहिलं. तुरेरावांनी महाराजांच्या पाठीकडे पाहिलं. पाठीला पाठ दाखवू नये, असं रीतीत कुठेच नव्हतं. तुरेरावांनी डोळे मिटले.

साळूबाईने सांबराला बाजूला ढकललं, हार काढले, डबा वळवला आणि अँटेना उभ्या केल्या. पाचही रेघा आल्या. तिने आजोबांना उचलून पुन्हा पडद्यासमोर धरलं. आजोबांनी मान पूर्ण बाहेर काढली. महाराज समोर नसल्यामुळे त्यांनी चक्क दातांशिवाय हसूनही दाखवलं. गोल थांबला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपण जिवंत आहात. धन्यवाद.'

बाहेर सूर्य मावळला. बगळ्याने पाय बदलला.

"सापडला!" महाराज ओरडले. "हाच पणजोबांचा!"

"अगदी बरोबर, महाराज," आजोबा म्हणाले आणि घरी निघाले. ते उलटे चालले नाहीत. सरळ चालूनच त्यांना आठवडा लागतो. महाराज अजून भिंतीकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी तुरेरावांनी दवंडी पिटली : "महाराजांनी भिंतीकडे पाहिलं आणि नेटवर्क आलं!" तेव्हापासून रोज सकाळी नगारा वाजतो, महाराज भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गुहेतली कचेरी उघडते. कामं भराभर होतात. बाहेरच्या खड्ड्यातही हल्ली कुणी पडत नाही.

शेजारच्या जंगलाने हे ऐकलं. त्यांनीही आपला राजा भिंतीकडे तोंड करून बसवला. डबा फिरवायचा मात्र राहिला. नेटवर्क आलं नाही.

तेव्हा त्यांनी राजा बदलला.

तात्पर्य : नेटवर्क येत नसेल, तर लगेच अँटेना हलवू नये. तसं केलं, तर एवढंच करायचं होतं हे सगळ्यांना कळतं आणि मोठ्यांना वाईट वाटतं. आधी राजाला हलवावं, मग अँटेना. श्रेय राजाला मिळतं आणि नेटवर्क आपल्याला.