सख्खी बहीण आली तरी!

"ताईच्या चपलेला चिखलाचा ठिपका जरी लागला, तरी नाव बदलीन!" मुकादमांनी सकाळीच बायकोला ऐकवलं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी चारचौघांत मुकादम तिला "तुला कुणी विचारलंय?" असं बोलून बसले होते. तेव्हापासून तिने या घराची पायरी चढली नव्हती. आज अकराला येते म्हणाली होती. आपण होऊन! आणि नेमका दारासमोरचाच रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला, तोही मुकादमांच्याच देखरेखीखाली.

त्यांनी खड्ड्याभोवती लाल-पांढरे कठडे असे लावले, की मुंगीनेही परवानगी मागावी! कडेने पायी चालणाऱ्यांसाठी वाट ठेवली, थेट स्वतःच्या फाटकापर्यंत. पण त्या वाटेने मोटारसायकली घुसायला लागल्या. एक तर खड्ड्यात जाता जाता वाचली. मुकादम भडकले! वाटेच्या तोंडावर कठडा आडवा टाकला, त्यावर 'प्रवेश बंद'ची पाटी अडकवली आणि वाहनं अडवायला उभ्या केलेल्या झेंडेवाल्याला दम भरला, "माझी सख्खी बहीण आली तरी सोडायचं नाही!"

मग ते हातपाय धुवायला घरात गेले. तेवढ्यात ताई आली.

"बाई, रस्ता बंद आहे," झेंडेवाला म्हणाला.

"अहो, मी मुकादमांची बहीण."

"सख्खी?"

"सख्खीच!"

"मग तर मुळीच नाही! साहेबांनी तुमचं खास सांगून ठेवलंय."

खांद्यावर टॉवेल टाकून मुकादम धावत आले, तेव्हा ताई रिक्षात बसत होती. "ताई, थांब!" म्हणत ते कठड्यावर चढले, तर लेंगा अडकला! सुटेपर्यंत रिक्षा वळणाआड गेली.

"नाही सोडलं, साहेब!" झेंडेवाल्याची छाती फुगली होती.

त्याला झापायला मुकादमांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द त्यांचेच होते. आजचेही, तीन वर्षांपूर्वीचेही.

संध्याकाळी ते ताईच्या दारात उभे राहिले.

"आजचं चुकून झालं गं."

"ते मी हसण्यावारी नेलं असतं रे. पण ऐकलं आणि तेव्हाचं आठवलं. ते पण चुकून?"

"नाही. ते मुद्दाम बोललो होतो. चुकलंच माझं."

ताईने दाराच्या कडीवर हात ठेवला. मग "पुढच्या वेळी फोन करून ये," एवढंच म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

घरी येताच मुकादमांनी बायकोला सांगितलं, "पुढच्या वेळी ये, म्हणाली!"

"आणि आज आत घेतलं का?"

मुकादम खाली वाकले. बुटाच्या नाड्या फारच गुंतल्या होत्या.